तामताईंची निजलेली साखर

तामताईंच्या फाटकाला उसाच्या पाचटाची जुडी टांगलेली दिसली की आमची आळी आपोआप आवाज खाली घेते. मोटरसायकलवाले कोपऱ्यावरच इंजिन बंद करतात आणि गाडी ढकलत नेतात. ज्यांना शेंगदाणे कुटायचे असतील ते उखळ घेऊन नदीच्या बाजूला जातात. समोरचा फुक, ज्याचा कराओके एरवी स्वर्गातसुद्धा ऐकू जात असेल, तोही माइक गुंडाळून ठेवतो आणि फाटकाशी येऊन हळूच विचारतो, "ताई, उठली का साखर?" आतून तामताई म्हणतात, "तू गायला लागलास की उठेल आणि पळून जाईल."

जुडी टांगली म्हणजे आत रांजणात खडीसाखर निजली आहे. निजलेल्या रांजणाला धक्का लागायचा नाही, हादरा बसायचा नाही. झाकण उचलून डोकवायचंही नाही. आत काय चाललंय ते कुणालाच दिसत नाही, आणि तरी आत काहीतरी चाललेलं असतं. लहानपणापासून हे पाहत आले, तरी त्या फाटकावरून जाताना अजून माझे हात आपोआप जुळतात.

आमच्या भाषेत साखरेला जो शब्द, तोच रस्त्याला: डुअंग. दोघांचं एकमेकांशी काही नातं नाही. बाजारात कुणाचा गोंधळ होत नाही. शाळेत जाणारी पोरं चार दिवस हसतात आणि विसरून जातात. मीही त्यावर कधी विचार केला नव्हता. पण या वर्षी टेटचा, म्हणजे नववर्षाचा, सण झाल्यावर तामताईंच्या घराच्या एकाच भिंतीला आतून साखर येऊन टेकली आणि बाहेरून रस्ता. त्याचीच ही हकिगत.

तामताईंचं नाव लियू. ताम म्हणजे आठवी. खरं तर त्या आईबापांची सातवी मुलगी, पण आमच्याकडे थोरल्याला 'दुसरा' म्हणायची रीत आहे, म्हणजे वाईट नजर पहिलं मूल शोधत बसते. त्या नदीपलीकडून लग्न होऊन आल्या तेव्हा सासूबाईंनी त्यांना बरीच वर्षं फक्त कढईवरची मळी काढायला दिली. पाकात अंड्याचा पांढरा भाग फेटून घातला की मळी वर येते, ती काढत राहायची, पाकात स्वतःचा चेहरा दिसेपर्यंत. अंडं लागतं म्हणून अमावास्येनंतरच्या प्रतिपदेला आणि पौर्णिमेला, आमच्या शाकाहाराच्या दिवशी, भट्टी पेटत नाही. दोरे बांधायचं काम मात्र सासूबाईंनी स्वतःकडे ठेवलं होतं. तामताईंनी मागितलं की म्हणायच्या, "तुझ्या हाताला घाई आहे. घाईच्या हातात दोरा देत नाही मी."

सगळं त्या दोऱ्यातच असतं. रांजणाच्या तोंडावर बांबूच्या कामट्या आडव्या ठेवायच्या, कामट्यांना दोरे बांधून पाकात सोडायचे, आणि प्रत्येक दोऱ्याला मागच्या खेपेच्या खडीसाखरेचा एकेक कण अडकवायचा. हा कण म्हणजे विरजण. त्याच्याभोवती साखर धरते. या खेपेचा कण मागच्या खेपेतला, तो त्याच्या मागच्या, असं मागे मागे जात सासूबाईंच्या सासूबाईंपर्यंत पोचतं. लढाईच्या दिवसांत गाव रिकामं झालं, तेव्हा सासूबाईंनी कण कापडात गुंडाळून अंबाड्यात खोवून नेले होते. परत येईपर्यंत त्यांनी केस धुतले नाहीत. तामताई सांगतात, "डोक्यात उवांनी गाव वसवलं, पण साखर राहिली."

तसं पाहिलं तर कुठल्याही खडीसाखरेचा कण चालतो. बाजारातला आणून बांधला तरी साखर धरेल. ऊससुद्धा आता कारखान्यात जातो आणि तामताईही पांढरी साखर पोत्याने विकत आणतात. त्या घरातलं जुनं असं फक्त ते विरजण राहिलं होतं.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी नदी घरात आली. पाणी ओसरल्यावर आम्ही सगळ्याजणी तामताईंकडे चिखल उपसायला गेलो. फळीवरचा पत्र्याचा डबा, ज्यात जुने दोरे ठेवलेले असत, तो त्यांनी माझ्यासमोर उघडला. आत गढूळ पाणी होतं. त्यांनी बोट बुडवून चाखलं आणि म्हणाल्या, "गोड आहे." एवढंच. मग त्यांनी मान वर केली. घरात सगळ्यात उंच जागा पूर्वजांच्या देव्हाऱ्याची, आणि तिथे सासूबाईंच्या फोटोपुढच्या बशीत, नैवेद्य म्हणून ठेवलेला खडीसाखरेचा एक दोरा होता. पाणी त्याच्या खाली वीतभर थांबलं होतं.

टेट झाल्यावर रांजण लावायचा म्हणजे तो दोरा देव्हाऱ्यावरून काढायचा, फोडायचा, आणि त्याचे कण शेवटच्या कणापर्यंत बांधायचे. नैवेद्याला हात लावायचा तर विचारायला हवं. तामताईंनी उदबत्ती लावली आणि दोन नाणी बशीत टाकली. एक छापा आणि एक काटा पडला तर पूर्वजांचा होकार. पहिल्यांदा दोन्ही छापे पडले. दुसऱ्यांदा दोन्ही काटे. तिसऱ्यांदा होकार आला. तामताई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "जिवंत होत्या तेव्हाही दोनदा नाही म्हटल्याशिवाय हो म्हणायच्या नाहीत."

दोरे बांधताना मी तिथे होते. आता त्यांच्या हाताला घाई नाही, कंप आहे. एक कण बांधायला किती वेळ लागला ते मी सांगणार नाही. मी "द्या, मी बांधते" म्हटलं तर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी मळीचा झारा उचलून भट्टीकडे गेले. पाक ओतला, झाकण घातलं. रांजण नेहमीसारखा वेताच्या मोठ्या टोपल्यात होता, चोहोबाजूंनी भाताचं तूस भरलेलं, म्हणजे तो सावकाश निवावा. मग फाटकाला पाचटाची जुडी लागली. उघडायचा तो सासूबाईंच्या श्राद्धाच्या दिवशी.

आता रस्त्याचं. आमचा लाल मातीचा रस्ता पक्का व्हावा म्हणून सगळ्यांत आधी जमीन दिली ती तामताईंनीच. अंगणाची अख्खी पट्टी, वर सुपारीची झाडं, आणि मोबदला नको म्हणाल्या. त्याचं कारण गावाला ठाऊक आहे, पण कुणी बोलत नाही. आमच्याकडे शवपेटी खांद्यावर निघते तेव्हा तिच्यावर काठोकाठ भरलेली पाण्याची वाटी ठेवतात. खांदेकरी असे चालतात की मेलेल्या माणसाला झोपेतून उठवल्यासारखं होऊ नये, वाटीतला थेंब सांडू नये. आमच्या गावच्या खांदेकऱ्यांचं त्यात मोठं नाव आहे. पण तामताईंच्या यजमानांना नेताना शाळेपुढच्या खड्ड्यात एकाचा पाय गेला आणि वाटी कलंडली. खांदेकऱ्यांचे म्होरके मुईकाका त्यानंतर बरेच दिवस तामताईंच्या घरावरून गेले नाहीत, लांबून वळसा घालून जायचे.

तर रस्त्याची माणसं आमच्या आळीत पुढच्या महिन्यात यायची होती. ती लवकर आली, कारण पुढच्या गावची खडी पोचली नव्हती आणि आमची पोचली होती. देवळाच्या बाजूने काम करत करत त्यांनी दबाई तामताईंच्या अलीकडच्या दोन घरांपर्यंत आणली, आणि एका सकाळी त्यांच्या भिंतीला लागून खडी पसरली. मुकादम खांग उत्तरेकडचा. त्याचं बोलणं आमच्या कानाला भांडल्यासारखं वाटतं, पण माणूस भला होता. पाचटाची जुडी त्यानेही पाहिली होती आणि वाटलं होतं कुणी बैलासाठी ठेवलीय.

तामताईंनी त्याला आत बोलावून चहा दिला आणि सगळं सांगितलं. त्याने रांजणाकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं. म्हणाला, "आजी, खडीवर पाणी मारून झालंय. आज दबाई झाली नाही तर सगळं उकरून परत पसरावं लागेल, आणि रोलर उद्या दुसऱ्या गावाला जायचाय."

आमचे हे तिथेच होते. त्यांनी विचारलं, रोलरचा कंप बंद ठेवून फिरवता येणार नाही का. खांग म्हणाला, "बंद ठेवतो की. पण वजन कुठे ठेवू? नुसता गेला तरी या भिंतीवरच्या पाली खाली पडतील."

मग त्याने टोपी काढली आणि सांगितलं की दुपारच्या जेवणापर्यंत थांबतो, त्याहून जास्त त्याच्या हातात नाही.

तो गेल्यावर आळीतले सगळे बोलू लागले. फुक म्हणाला रोलरपुढे आडवं पडू. त्याच्या आईने सांगितलं, तू पड, तेवढीच खडी दबेल. तामताई कुणाचंच ऐकत नव्हत्या. त्या भिंतीला तळवा लावून बसल्या होत्या. लांबून एक ट्रक गेला आणि मीही हात लावून पाहिला. भिंत मांजरासारखी गुरगुरत होती. मी मनात करुणामाता क्वान-आमचं नाव घेऊ लागले, कारण दुसरं काय करावं ते मला सुचत नव्हतं.

तामताईंनी तळवा काढला आणि आमच्या ह्यांना म्हणाल्या, "मुईला बोलव. सगळ्या खांदेकऱ्यांना घेऊन ये म्हणावं."

फुकच्या आईने कानांवर हात ठेवले. घरात कुणी गेलेलं नसताना खांदेकऱ्यांनी उंबरा ओलांडायचा म्हणजे मृत्यूला घर दाखवून ठेवायचं. हे आमच्याकडे कुणी करत नाही. तिने तसं स्पष्ट सांगितलं. तामताई म्हणाल्या, "मला न्यायला ते येणारच आहेत. घर ओळखीचं झालेलं बरं."

तरी त्यांनी देव्हाऱ्यापुढे जाऊन नाणी टाकली. आम्ही सगळे दारात उभे. एक छापा, एक काटा. पहिल्याच वेळेला. तामताईंनी बराच वेळ सासूबाईंच्या फोटोकडे पाहिलं आणि नाणी उचलून ठेवली.

मुईकाका आले ते पाय धुऊन, अंत्ययात्रेचे काळे कपडे न घालता, साध्या शर्टात. बरोबरचे सगळे तसेच. आमचे हेही त्यांच्यातलेच, डाव्या बाजूचे मागचे. मुईकाकांनी टोपल्याच्या कड्या ओढून पाहिल्या, रांजणाभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, कुठे न्यायचा. तामताई म्हणाल्या देवळात, टेकाडावरची जमीन रोलरने हलायची नाही. देवळाच्या माताजींनी, म्हणजे तिथल्या भिक्षुणींनी, होकार कळवला होता.

मग मुईकाका खाली बघत म्हणाले, "ताई, माझ्या हातून एकदा सांडलंय."

"रस्त्याने सांडलं ते. तुझ्या हातून नाही," तामताई म्हणाल्या, आणि देव्हाऱ्यावरची पाण्याची वाटी आणून त्यांनी स्वतः झाकणावर ठेवली. काठोकाठ भरलेली.

पुढचं मी जसं पाहिलं तसं लिहिते.

टोपल्याच्या कड्यांतून दोर ओवले, दोरांतून बांबू घातले, माणसं वाकली. मुईकाकांनी हातातल्या लाकडी टिपऱ्या एकदा वाजवल्या, अगदी हळू, नखाने टेबलावर वाजवावं तशा. रांजण उचलला गेला असं कुणाला दिसलंच नाही. टोपलं आणि जमीन यांच्यामध्ये फक्त उजेड आला.

घरासमोरची खडी सुटी होती, पाय घसरला असता. खांगची माणसं आणि आमच्या बायका मिळून तिच्यावर भाताचा पेंढा पसरत होत्या, कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. तेवढं अंतर पार होईपर्यंत मी श्वास घेतला की नाही ते आठवत नाही. मग दबाई झालेला रस्ता लागला. सपाट, गच्च, धुळीचा कणही न उडणारा. मुईकाकांच्या पायाला तो लागला तेव्हा त्यांचा चेहरा बदललेला मी पाहिला. खांग लाल निशाण घेऊन पुढे चालत होता आणि समोरून येणाऱ्या गाड्या थांबवत होता. गाडीवाले विचारत कोण गेलं, तर तो म्हणे, "कोणी नाही, साखर झोपलीय." आणि ते उतरून उभे राहत.

आवाज कसलाच नव्हता, फक्त टिपऱ्या. आमच्या ह्यांच्या नाकावर माशी बसली. घरात माशी दिसली तर सगळं घर डोक्यावर घेणारा हा माणूस. माशी नाकावरून ओठावर आली, ओठावरून डोळ्याच्या कोपऱ्यात गेली, आणि यांची पापणी लवली नाही. मी रोज संध्याकाळी उदबत्ती लावून मन स्थिर राहू दे म्हणून मागते. स्थिर म्हणजे काय ते मला त्या सकाळी भर रस्त्यात दिसलं. इतकी माणसं चालत होती आणि तरी मधलं काहीतरी जागचं हललेलं नव्हतं.

शाळा आली. जिथे खड्डा होता तिथे आता ओळखूही येत नाही. पण मुईकाकांना जागा माहीत होती आणि तामताईंनाही. टिपऱ्या थांबल्या. सगळे थांबले. वाटीतल्या पाण्यावर आकाशाचा तुकडा होता, तो जरासा थरथरला, काठाशी फुगला, आणि परत बसला. टिपऱ्या पुन्हा सुरू झाल्या. तामताई रांजणाच्या मागे चालत होत्या, अंत्ययात्रेत विधवा चालते त्या जागी. त्या रडत होत्या की काय ते शंकूटोपीखाली दिसलं नाही.

देवळाच्या मागच्या खोलीत रांजण टेकला. वाटी जशीच्या तशी. मुईकाकांनी ती दोन्ही हातांनी उचलली आणि सगळं पाणी पिऊन टाकलं. इकडे खांगने टोपी घातली आणि जरा वेळाने गावातून रोलरची घरघर ऐकू आली. तामताईंच्या भिंतीवरची पाल खरंच पडली, असं फुकच्या आईने दुसऱ्या दिवशी सांगितलं.

पाचटाची जुडी आता देवळाच्या फाटकाला होती. माताजींनी घंटा बंद ठेवली आणि प्रार्थनेला वाजवायचं लाकडी वाद्यही झाकून ठेवलं. आम्ही रोज संध्याकाळी ओठ न उघडता प्रार्थना करायचो. इतक्या बायका शेजारी शेजारी बसून गप्प, असं आमच्या गावात पूर्वी कधी झालं नसावं. त्या शांततेत मला वाटायचं, पलीकडच्या खोलीत अंधारात साखर एकेक बाजू धरत, एकेक कोपरा करत बसली असेल. तिला कोण शिकवतं? कणाला कसं कळतं की आपण किती धारांचं व्हायचं? वाटायचं आणि अंगावर काटा यायचा. आणि दुसरीकडे भीतीही होती. वाटीतलं पाणी सांडलं नाही हे खरं, पण आतल्या कणांचं काय झालं ते वाटी सांगत नाही.

सासूबाईंच्या श्राद्धाच्या सकाळी सगळे जमले. खांगही आला, पुढच्या गावाहून, मोटरसायकल कोपऱ्यापासून ढकलत. तामताईंनी झाकण काढलं. पाकावर जाड साय धरली होती, ती वाटीने फोडली आणि पहिली कामटी उचलली.

दोरा रिकामा आला. ओला, चिकट, आणि नुसता दोरा.

मुईकाकांनी डोळे मिटले. तामताईंनी दोरा बोटांत धरून पाहिला आणि म्हणाल्या, "हा मी पहिला बांधला होता. गाठच बसली नाही." मग दुसऱ्या कामटीला हात घातला. ती वर येईना. त्यांनी दुसरा हात लावला, तरी येईना. मला वाटलं कुठे अडकली. तामताई मात्र हसायला लागल्या. "जड आहे," त्या म्हणाल्या. "अगं, जड आहे."

मी आणि माताजींनी मिळून उचलली. पाक ठिबकत होता आणि आत उजेड होता. दुसरा शब्द माझ्याकडे नाही. खिडकीतून आलेलं ऊन त्या खड्यांत शिरलं आणि बाहेर यायला वाट सापडेना म्हणून तिथेच फिरत राहिलं. बाकीचेही दोरे असेच भरलेले. फक्त एका दोऱ्यावरचे खडे सगळे एका बाजूला कललेले होते, चालताना माणूस पुढे वाकतो तसे. मुईकाका तो बघून ओशाळले. तामताईंनी नेमका तोच बाजूला काढून सासूबाईंच्या फोटोपुढे ठेवायला घेतला.

आणि बाकीचे त्यांनी वाटले. एक देवळाला. एकेक प्रत्येक खांदेकऱ्याच्या घरी. एक फुकच्या आईला, जिने खांदेकऱ्यांना नको म्हटलं होतं. "घरातल्या सगळ्यात उंच जागी ठेवा," असं प्रत्येकाला सांगितलं. मी विचारलं, घरातलं विरजण असं गावभर का वाटताय. त्या म्हणाल्या, "मी एका डब्यात ठेवलं, नदीने एका घोटात घेतलं. एवढी घरं तिला एकदम सापडायची नाहीत."

खांगला एक खडा दिला, तो त्याने तिथल्या तिथे तोंडात टाकला. कशासाठी दिला होता ते कुणीतरी सांगितलं तेव्हा तो चांगलाच गोंधळला आणि गालातला खडा काढू की गिळू असं त्याला झालं. तामताईंनी त्याला दुसरा दिला. "हा खिशात ठेव. तुझ्या गावी कुणी रांजण लावत असेल तर दे," म्हणाल्या.

आमच्या वाट्याचा दोरा देव्हाऱ्याच्या वरच्या फळीवर आहे, खिडकीसमोर. रस्त्यावर आता डांबर पडलं आहे. संध्याकाळी मी उदबत्ती लावते तेव्हा शेतावरून परतणाऱ्या गाड्या खिडकीखालून जातात, आणि प्रत्येक गाडीचा दिवा वर येतो, त्या खड्यांत शिरतो, आतल्या सगळ्या कोपऱ्यांतून फिरून घेतो, आणि पुढे जातो.